दोनदा लिहिलेले अक्षर आणि त्याला मिळणारा वेळ

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मॉन्ट्रियलमध्ये वाचा-भाषा उपचार शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे क्वेबेकच्या उत्तरेकडील नुनाविकमधून आलेल्या एका मुलाचे रेकॉर्डिंग आहे. मूल घरी इनुक्तितुत बोलते, शाळेत फ्रेंच शिकते. फ्रेंच वाचताना ते व्यंजने ओढते, 'सुंदर' या अर्थाच्या, दोन 'एल' लिहिलेल्या 'बेल' या शब्दाचे 'बेल्ल' करते, अशी शाळेची तक्रार आहे. तिने प्रात या ध्वनिमापनाच्या संगणक-प्रणालीत मोजमाप केले. इनुक्तितुतमधला दोनदा लिहिलेला स्वर एकदा लिहिलेल्याच्या दीडपटीच्या आसपास भरला. एका ठिकाणी तर ऱ्हस्व स्वरच दीर्घापेक्षा लांब निघाला. फ्रेंच भाषकांच्या बोलण्यात एक 'एल' आणि दोन 'एल' यांत फरकच सापडला नाही. ती विचारते, 'दुहेरी अक्षराला ध्वनीत काही आधार आहे का? आणि या मुलाचा दोष काय म्हणून लिहू?'

तुमचे आकडे मला पटतात. दोनदा लिहिले म्हणजे दुप्पट भरले पाहिजे, ही अपेक्षा मात्र लिपीतून आलेली आहे, उच्चारातून नाही. मी गेली वीसेक वर्षे ध्वनिमापनाचे काम करतो. त्यातली काही वर्षे मॉन्ट्रियलमध्ये इनुक्तितुत बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग ऐकण्यात गेली. तेवढ्यावरून सांगतो: दोन्ही भाषांत दुहेरी अक्षर कागदावर सारखेच दिसते, पण इनुक्तितुत ज्या कुळातली आहे त्या इनुइत भाषांत ते वेळ मोजून देते आणि फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाची तरी खूण असते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे दोष कोणाचा याचे उत्तरही यातच आहे.

आधी आपल्या कानाबद्दल बोलू, कारण तुम्ही मराठी आहात आणि हा सापळा खास आपल्यासाठी आहे. इनुक्तितुतमध्ये 'इनुक' म्हणजे एक माणूस, 'इनूक' म्हणजे दोन माणसे आणि तीन किंवा जास्त असली तर 'इनुइत'. संस्कृतसारखे द्विवचन तिथे आजही बोलण्यात आहे, आणि एकवचन-द्विवचनातला सगळा फरक त्या 'उ'च्या लांबीवर उभा आहे. आता 'इनुक' हे मराठी माणसाला मोठ्याने वाचायला द्या. आपल्याकडे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ असतो: गरीब, फूल, चूक. जीभ त्या वळणाने जाते आणि आपण न कळत 'इनूक' म्हणतो. म्हणजे एका माणसाविषयी बोलायचे असताना दोघांविषयी बोलतो. मराठीत इ-उ यांची लांबी जागेवरून ठरते, तिच्यावरून सहसा अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपला कान तिच्याकडे लक्षच देत नाही. 'अ' आणि 'आ'मध्ये आपण लांबीबरोबर तोंडाची ठेवणही बदलतो, आणि कान मुख्यतः ठेवणीवर विसंबतो. इनुइत भाषांत मूळ स्वर तीनच: अ, इ, उ, आणि तिन्हींची ऱ्हस्व-दीर्घ जोडी. तिथला ऱ्हस्व स्वर जरा मोकळा उच्चारला की आपण तो 'आ' म्हणून लिहून मोकळे होतो. म्हणून माझी पहिली विनंती: लिप्यंतर स्वतःच्या कानावर करू नका, त्या भाषेच्या बोलणाऱ्याकडून करून घ्या. लिखित इनुक्तितुतवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. रोमन लिपीखेरीज तिथे जी स्वतंत्र अक्षरलिपी चालते तिच्यात दीर्घ स्वरासाठी चिन्हावर एक टिंब देतात, आणि घाईच्या लिखाणात ते टिंब सहज गळते.

आता तुमच्या दीडपटीकडे येऊ. स्वर उच्चारायला काही किमान वेळ लागतोच: जीभ आधीच्या व्यंजनापासून निघते, स्वराच्या जागी पोचते, पुढच्या व्यंजनाकडे वळते. हा जाण्या-येण्याचा वेळ ऱ्हस्व आणि दीर्घ दोघांनाही द्यावा लागतो. दीर्घ स्वरात जीभ मधल्या मुक्कामावर जास्त थांबते, एवढेच. त्यामुळे एकूण लांबी अचूक दुप्पट भरण्याचे काही कारण नाही, आणि बोलणे जलद झाले की गुणोत्तर आणखी खाली येते. तोच प्रकार फॉर्मंटमध्येही, म्हणजे तोंडाची ठेवण दाखवणाऱ्या ध्वनीच्या आलेखावरच्या आडव्या पट्ट्यांतही, दिसेल. दीर्घ स्वराचे फॉर्मंट आपल्या जागी पोचून थोडा वेळ सपाट चालतात. ऱ्हस्वाचे अर्ध्यातूनच परततात. म्हणजे लांबीचा फरक थोडासा ठेवणीतही उतरतो. शेजारी पडजिभेवरचे व्यंजन असेल तर जास्त जपा. आपण ज्या होडीला कयाक म्हणतो त्या मूळ शब्दातले दोन्ही 'क' असे खोल, पडजिभेपाशी उच्चारले जातात. त्यांच्या शेजारी पहिला फॉर्मंट वर चढतो, 'इ' 'ए'कडे आणि 'उ' 'ओ'कडे झुकतो, आणि स्वर कुठे संपला ते सांगणे अवघड होते. तुमच्या पहिल्या तुलनेत हे शब्द घेऊच नका.

ऱ्हस्व स्वर दीर्घापेक्षा लांब निघाला, ते कोडे रेकॉर्डिंगमधली जागा पाहून सुटेल. माझा अंदाज असा की तो ऱ्हस्व स्वर वाक्याच्या शेवटी होता आणि दीर्घ स्वर मध्ये. वाक्य संपताना जवळजवळ सगळ्याच भाषांत बोलणे सैल पडते, शेवटचे अक्षर ताणले जाते. फ्रेंचमध्ये तर जोर पडतो तोच शब्दगटाच्या शेवटच्या अक्षरावर, त्यामुळे हा ताण विशेष ठळक असतो. सुरुवातीच्या काळात मी बोलणाऱ्यांना शब्दांच्या याद्या वाचायला देत असे. यादीतला प्रत्येक शब्द म्हणजे एक छोटे वाक्य, प्रत्येकाचा शेवट ताणलेला. एक आख्खा उन्हाळा त्या रेकॉर्डिंगवर घालवल्यावर मला ती सगळी बाजूला ठेवावी लागली. तेव्हापासून शब्द नेहमी एकाच वाक्याच्या मधोमध बसवतो आणि वाक्य बोलणाऱ्याच्याच मदतीने ठरवतो.

व्यंजनांची गोष्ट अधिक रंजक आहे. क, त, प यांसारख्या स्पर्श व्यंजनात तोंड बंद होते, हवा मागे साठते, मग ती सुटते. आलेखावर बंद असलेला काळ कोरा दिसतो आणि सुटण्याचा क्षण एका उभ्या रेघेसारखा. दुहेरी व्यंजन म्हणजे दोनदा बंद आणि दोनदा सुटणे नव्हे. बंद एकदाच होते, जास्त वेळ राहते, एकदाच सुटते. 'पत्ता' स्वतःच म्हणून बघा, जीभ दातांमागे एकदाच टेकते. जगातल्या अनेक भाषांच्या मोजमापांत सावकाश बोलण्यातला हा बंद काळ एकेरीच्या दीडपट ते तिप्पट आढळतो. हा पल्ला इतका मोठा आहे याचे कारण प्रत्येक भाषेची आपली एक शिस्त असते. म्हणून इटालियन किंवा जपानीवरच्या अभ्यासातली सीमारेषा उचलून या मुलाला लावू नका.

पण सगळी व्यंजने नुसती लांब होऊन थांबत नाहीत. कंठातला घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनाचा नाद, टिकायला हवा खालून वर सतत वाहावी लागते. तोंड बंद किंवा अगदी अरुंद असले की वरचा दाब चढत जातो, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ जाण्याआधीच घोष मावळू लागतो. व्यंजन जितके लांब, तितके त्याला घोष राखणे कठीण. ग्रीनलंडच्या कलाल्लिसुत भाषेत याचा परिणाम थेट व्याकरणात उतरलेला दिसतो. तिथला एकेरी 'व' घोष आहे, दुहेरी झाला की तो लांब 'फ'सारखा होतो. एकेरी 'ल' आपल्या 'ल'सारखा, दुहेरी 'ल' मात्र जिभेच्या कडांवरून फुसकारत जाणारा, घोष नसलेला. 'इलुआनि' म्हणजे 'त्याच्या आत' आणि 'इल्लुआनि' म्हणजे 'त्याच्या घरात'. कागदावर फरक एका 'ल'चा. आलेखावर मात्र लांबी बदलली, घोष गेला आणि वरच्या पट्ट्यांत घर्षणाचा धूसर पडदा आला. ऐकणारा यांतल्या कशावर घर ओळखतो, हे लांबी मोजून कळणार नाही. नुनाविकमध्ये दुहेरी 'ल' घोषच राहतो आणि फुसकारणारा 'ल' हे वेगळे व्यंजन आहे. म्हणजे एकाच भाषाकुळात, एकाच रोमन लिपीत, दोन 'एल'चा अर्थ समुद्रापलीकडे बदलतो. म्हणून मूल नेमक्या कोणत्या गावचे आणि आई-वडील कुठले, हे आधी विचारा. माझी पुढची बरीचशी उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

त्या 'इल्लु'मध्ये आणखी एक गोष्ट दडली आहे. पश्चिमेकडच्या बोलींत घराला 'इग्लु' म्हणतात. जगाने उचलला तो शब्द हाच. पूर्वेकडे येता येता 'ग' पुढच्या 'ल'मध्ये विरला, पण त्याची जागा रिकामी झाली नाही, 'ल'ने ती भरली. हे आपल्याला नवे वाटायला नको. संस्कृत 'सप्त'चे प्राकृतात 'सत्त' झाले तेव्हा 'प'चा वेळ 'त'ला मिळाला. पुढे मराठीत 'सात' झाले तेव्हा तोच वेळ स्वराकडे गेला. कर्म, कम्म, काम. हस्त, हत्थ, हात. ध्वनी जातो आणि त्याचा वेळ शेजारी वारसा म्हणून घेतो. दुहेरी अक्षराकडे मी कायम याच नजरेने पाहतो: हा वेळ कुणाचा होता आणि आता तो कुणाकडे आहे?

आता हाच प्रश्न फ्रेंचला विचारा. लॅटिनमधली दुहेरी व्यंजने फ्रेंचने फार जुन्या काळी सोडून दिली. अक्षरे राहिली, काही तर नंतर नव्याने जोडली गेली. 'मान' या अर्थाच्या 'ओनर' शब्दात दोन 'एन', त्याच घरातल्या 'ओनोरे' या क्रियापदात एकच, आणि उच्चारात दोन्हींचा 'न' सारखाच एकेरी. काही ठिकाणी दुहेरी अक्षर वेगळेच काम करते. मासा म्हणजे 'पुआसाँ' आणि विष म्हणजे 'पुआझाँ' यांत लेखनात फरक दोन 'एस' आणि एका 'एस'चा, उच्चारात फरक घोषाचा. दोन 'एल'च्या आधीचा 'ई' उघडा वाचायचा, हीही अशीच एक खूण. म्हणून 'बेल'मधल्या 'एल'ची लांबी तुम्हाला सापडली नाही. ती तिथे नाहीच.

मग फ्रेंचमधला वेळ गेला कुठे? काही स्वरांकडे गेला. 'सण' या अर्थाच्या शब्दात पूर्वी 'एस' होता. तो उच्चारातून गेला, आधीचा स्वर लांबला, आणि 1740च्या फ्रेंच अकादमीच्या कोशाने तशा शब्दांतला 'एस' काढून स्वरावर टोपीसारखी खूण चढवली. 'सप्त'चे 'सात' होण्यासारखीच ही चाल. 'ठेवणे' आणि 'गुरू' या अर्थाचे दोन्ही फ्रेंच शब्द देवनागरीत 'मेत्र' असेच लिहावे लागतील. पहिल्यात दोन 'टी' आहेत, दुसऱ्यात एक 'टी' आणि टोपी. लांबी आहे ती दुसऱ्यात, टोपीखालच्या स्वराकडे. पॅरिसमधल्या बहुतेकांच्या बोलण्यातून ती आता गेली. क्वेबेकमध्ये ती जिवंत आहे, इतकी की लांब स्वर मध्येच वळून 'आइ'सारखा ऐकू येतो. तुमचे मूल हीच फ्रेंच ऐकत वाढते आहे, हे ध्यानात असू द्या.

खरी दुहेरी व्यंजनेही फ्रेंचमध्ये आहेत, पण ती शब्दाच्या पोटात क्वचित, सांध्यावर जास्त भेटतात. 'इल आ दी' म्हणजे 'तो म्हणाला', 'इल्ला दी' म्हणजे 'त्याने ते म्हटले'. 'यून् वा' म्हणजे एक हंस, 'यून्न्वा' म्हणजे एक अक्रोड. 'ला दाँ' हा दात, आणि मधला दुबळा स्वर गिळून 'लाद्दाँ' म्हटले की 'त्याच्या आत'. 'तो धावत होता' आणि 'तो धावला असता' यांतला फरकही एका लांब 'र'वर आहे. या जोड्या मोजल्या तर आलेखावर तोच लांबलेला, एकदाच सुटणारा अवरोध दिसेल जो इनुक्तितुतमध्ये दिसतो. म्हणजे फ्रेंच माणसाच्या तोंडाला आणि कानाला हे अजिबात परके नाही. शिवाय जोर द्यायला फ्रेंच भाषक शब्दाचे पहिले व्यंजन दाबून लांबवतात, जसे आपण 'आता'चे 'आत्ता' करतो. मात्र 'लाद्दाँ'मधला दुबळा स्वर कोण किती गिळतो हे बोलणाऱ्यावर आणि प्रसंगावर ठरते. काहींच्या आलेखावर त्याचा धागा शिल्लक दिसेल. तो दिसला तर ती नोंद दुहेरीत धरू नका.

इथवरचे एकत्र करून मुलाकडे पाहू. इनुक्तितुत रोमन लिपीत लिहिताना दोनदा लिहिलेले प्रत्येक अक्षर उच्चारायचे असते. ही शिस्त शिकलेले मूल फ्रेंच पुस्तकात दोन 'एल' पाहते आणि प्रामाणिकपणे दोन 'एल'चा वेळ देते. तपासायचे कसे? त्याला वाचायला देऊ नका. चित्र दाखवून तोच शब्द बोलायला लावा. बोलताना 'बेल' आणि वाचताना 'बेल्ल' असेल, तर उच्चारात काहीही बिघाड नाही. मूल एका भाषेची वाचनरीत दुसरीला लावते आहे, आणि ते थोड्या समजावण्याने सुटते. तुमच्या अहवालात 'दोष' हा शब्द येऊ देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. असा एक शब्द शाळेच्या फायलीत वर्षानुवर्षे मुलामागे फिरताना मी पाहिला आहे.

उलट बाजूचीही एक चूक होऊ शकते. नुनाविक आणि लॅब्राडोरच्या बोलींत एक नियम आहे, लुसियां श्नायडर या मिशनऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा: लागोपाठच्या दोन ठिकाणी जोडव्यंजन चालत नाही, दुसऱ्यातले पहिले व्यंजन गळते. त्यामुळे एकच प्रत्यय एका शब्दात दुहेरी व्यंजनाने आणि दुसऱ्यात एकेरीने येतो. हा नियम माहीत नसला तर वाटेल की मूल कधी व्यंजन लांबवते, कधी विसरते. ते विसरत नाही, आपल्या भाषेचा नियम चोख पाळते.

आता मोजण्याची रीत. इटालियनसारख्या भाषेत व्यंजनाची लांबी भागिले आधीच्या स्वराची लांबी हे माप छान चालते, कारण तिथे स्वराची लांबी स्वतंत्रपणे अर्थ बदलत नाही. इनुइत भाषांत हे माप फसते. तिथे ऱ्हस्व स्वरापुढे एकेरी, ऱ्हस्वापुढे दुहेरी, दीर्घापुढे एकेरी आणि दीर्घापुढे दुहेरी असे चारही प्रकार घडतात. 'कलाल्लित', म्हणजे ग्रीनलंडचे लोक, या शब्दात 'ला' दीर्घ आणि पुढे दुहेरी 'ल'. आपल्या वृत्तांत असे अक्षर गुरूच, दोन मात्रा. त्या भाषेत ते तीन मात्रांचे धरले जाते. सॅम्युअल क्लाइनश्मिटने हे ओळखले होते. 1851मध्ये ग्रीनलंडच्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाच्या लेखनपद्धतीत दीर्घ स्वराला एक चिन्ह, ऱ्हस्व स्वरापुढे दुहेरी व्यंजन असेल तर दुसरे आणि दोन्ही एकत्र असतील तर तिसरे. तिन्ही चिन्हे स्वराच्याच डोक्यावर. ग्रीनलंडच्या 1973च्या लेखनसुधारणेने ती काढून अक्षरे दोनदा लिहायला सुरुवात केली. मी माझ्या तक्त्यात अजून ते चार रकाने ठेवतो आणि प्रत्येक माप वाक्यातल्या एका न बदलणाऱ्या शब्दाच्या लांबीने भागतो. म्हणजे बोलण्याचा वेग आपोआप वजा होतो.

सीमा कुठे आखायची ते मोजण्याआधी लिहून ठेवा आणि मग बदलू नका. स्वर मी दुसरा फॉर्मंट स्पष्ट उमटल्यापासून तो विझेपर्यंत धरतो. स्पर्श व्यंजन तिथून स्फोटाच्या रेघेपर्यंत. 'न', 'म', 'ल' यांच्यापाशी ऊर्जा एकदम पडते ती जागा पकडायची. वाक्याच्या आरंभी येणारे अघोष स्पर्श व्यंजन घेऊ नका, त्याचा कोरा काळ आधीच्या शांततेत मिसळतो आणि मोजताच येत नाही. पाच-सहा वेळा बोलून घ्या. नुसती सरासरी काढू नका, ठिपके मांडून पाहा. दोन ढीग वेगळे दिसले तर फरक खरा, मग गुणोत्तर दीड असो वा अडीच.

सुरुवात 'इलु' आणि 'इल्लु'ने करा. मुलाकडून, त्याच्या आईकडून आणि जमल्यास आजीकडूनही, एकाच वाक्यात बसवून. आईचे दोन ढीग जिथे वेगळे होतात तीच या मुलाची सीमारेषा. ती आलेखावर आखा आणि मग मुलाचे ठिपके तिच्या कोणत्या बाजूला पडतात ते मला कळवा.